कांदोम्ब्ले: बाहियात नव्याने उभं राहिलेलं घर

ब्राझीलच्या बाहिया प्रांतात, साल्वादोर शहरात, दुपार कलली की चौकाचौकांत पांढरे घेरदार झगे घातलेल्या बायका टेबल मांडून बसतात. डोक्याला पांढरं फडकं, गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा. समोरच्या कढईत तांबडंलाल देंदे तेल तापत असतं. हे आफ्रिकन ताडाच्या फळाच्या गराचं तेल. चवळी भिजवून तिची सालं काढतात, वाटतात, कांदा आणि मीठ घालून लाकडी पळीने फेस येईपर्यंत फेटतात आणि मोठमोठे गोळे तेलात सोडतात. बाहेरून खरपूस, आतून मऊ झालेला हा वडा म्हणजे आकाराजे. तो मधोमध चिरून त्यात सुकी कोळंबी, भेंडीचं कारुरू आणि मिरचीचा ठेचा भरून हातात देतात.

रस्त्यावर मिळत असला तरी आकाराजे मुळात नैवेद्य आहे, वादळवाऱ्याची देवी यांसान हिचा. ती देवी, ते तेल, विकणाऱ्या बाईच्या गळ्यातल्या माळांचे रंग, सगळं कांदोम्ब्ले या धर्माशी बांधलेलं आहे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी हा धर्म ब्राझीलमध्ये उभा केला. आपल्यापर्यंत तो पोहोचतो तो बहुतेक सिनेमातून, आणि तिथे ढोल, अंगात येणं आणि काळी जादू यापलीकडे काही दाखवत नाहीत. दुसरा एक समज जरा सभ्य आहे: आफ्रिकेतली प्राचीन परंपरा समुद्रापार जशीच्या तशी टिकली. मला हे दोन्ही पटत नाही. ज्यांची घरं मोडली गेली त्यांनी आठवणीतलं आणि हाताशी असलेलं एकत्र करून नवं घर बांधलं, आणि त्या बांधकामात जी बुद्धी आणि जिद्द लागली ती ‘जपणूक’ म्हटलं की झाकली जाते.

आधी आकडे पाहू, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोळाव्या शतकापासून १८५० च्या दशकापर्यंत सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं ब्राझीलच्या किनाऱ्यावर जिवंत उतरवली गेली. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आफ्रिकेतून उतरवलेल्यांचा आकडा चार लाखांच्या आत आहे. ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने संपवली १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडांतल्या सगळ्या देशांत शेवटी. बाहियात ऊस आणि तंबाखू पिके. काकवी लावून वळलेल्या तिथल्या तंबाखूच्या गुंडाळ्यांना पश्चिम आफ्रिकेच्या बेनिन आखातातल्या बंदरांत मोठी मागणी होती. जहाजं तंबाखू घेऊन जात आणि माणसं भरून परत येत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आजच्या नायजेरियातलं ओयोचं योरुबा साम्राज्य खिळखिळं झालं आणि पुढच्या काही दशकांत कोसळलं. त्या युद्धांत पकडलेले हजारो योरुबा लोक याच मार्गाने साल्वादोरला आले. म्हणजे व्यापाराच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, एकाच प्रदेशातली, एकच भाषा बोलणारी माणसं मोठ्या संख्येने एका शहरात येऊन पडली. गावाकडच्या पूजाविधी, मंत्र, औषधी पाला, ढोलांचे ताल यांची ताजी ओळख असलेले लोक त्यांच्यात होते. बाहियातल्या कांदोम्ब्लेवर योरुबा ठसा इतका गडद का, याचं उत्तर यात आहे. त्याआधी आलेल्या अंगोला-काँगोकडच्या आणि दाहोमीकडच्या (आजच्या बेनिनमधल्या) लोकांच्या परंपराही टिकल्या. आजही तिथे केतू (योरुबा), जेजे (दाहोमी) आणि अंगोला अशी मुख्य ‘राष्ट्रं’ मानतात, आणि प्रत्येकाची गाणी, विधीची भाषा आणि देवांची नावं वेगळी. या लेखात मी केतू परंपरेबद्दलच बोलणार आहे.

शहरातली गुलामगिरी मळ्यावरच्या गुलामगिरीपेक्षा थोडी वेगळी चालायची. साल्वादोरमध्ये अनेक गुलाम दिवसभर बाहेर कमवायला जात: हमाली, सुतारकाम, डोक्यावर टोपली घेऊन खाद्यपदार्थ विकणं. ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, वर उरेल ते आपलं. क्रूरता यातही होतीच. पण या उरलेल्या पैशांतून वर्षानुवर्षं साठवून काहींनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं, मग बहिणीचं, मुलाचं. यात फेरीवाल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. पुढे देवस्थानासाठी घर किंवा जागा घेणाऱ्या, ती चालवणाऱ्या आणि तिथल्या मुख्य पुजारीण झालेल्या बायका याच वर्गातून आल्या.

आता मोडलं काय होतं ते पाहू. योरुबा प्रदेशात देवांना ओरिशा म्हणतात. सर्वांत वर ओलोरुन, पण तो दूरचा. रोजच्या जगण्यात भेटतात ते ओरिशा: लोहाराचा आणि लढाईचा ओगुम, विजेचा शांगो, गोड्या पाण्याची ओशुम, साथीच्या रोगांचा आणि ते बरे करण्याचा ओमोलू, रानातला शिकारी ओशॉसी. तिकडे यांतले बरेच देव एकेका शहराशी, एकेका घराण्याशी बांधलेले होते. शांगो ओयोच्या राजघराण्याचा, ओशुम ओशोग्बोची, ओशॉसी केतूचा. देवाची सेवा रक्ताच्या नात्यातून चाले. गुलामांच्या बाजारात नेमकं तेच नातं तुटलं. भाऊ एका मळ्यावर, आई दुसऱ्या, आणि ज्या शहराचा देव ते शहर महासागरापलीकडे.

एकाच जहाजातून आलेली माणसं एकमेकांना मालुंगो म्हणत आणि हे नातं सख्ख्या भावंडांसारखं पाळत. त्याच वृत्तीने पुढचं पाऊल पडलं. वेगवेगळ्या शहरांचे देव एकाच आवारात आले, प्रत्येकाला आपापली खोली मिळाली, आणि त्यांची सेवा करणारे सगळे मिळून एक कुटुंब ठरले. या आवाराला तेरेइरो म्हणतात. तिथल्या प्रमुख स्त्रीला ‘मांय’, म्हणजे आई, पुरुष असेल तर ‘पाय’, म्हणजे वडील. ज्यांना तिने दीक्षा दिली ती तिची मुलं, एकमेकांची भावंडं. त्यांची आपसांत लग्नं होत नाहीत. एका वेळी दीक्षा घेणारा गट आजही ‘बारको’, म्हणजे नौका, या नावानेच ओळखला जातो.

साल्वादोरचं सर्वांत मान्यवर तेरेइरो म्हणजे काझा ब्रांका, शुभ्र घर. त्याच्या स्थापनेच्या कथेत ‘इया नासो’ या पदवीने ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी स्त्रीचं नाव येतं. इतिहासकारांनी जुने दस्तऐवज धुंडाळून तिचा माग काढला आहे. जानेवारी १८३५ मध्ये साल्वादोरमध्ये मुस्लिम आफ्रिकी गुलामांनी आणि मुक्त झालेल्यांनी मोठा उठाव केला. तो चिरडल्यावर सगळ्याच आफ्रिकींवर संशय आणि धरपकड सुरू झाली. इया नासोच्या मुलांनाही पकडलं, आणि ती त्यांच्यासह १८३७ मध्ये आफ्रिकेला गेली. तिच्यासोबत गेलेली मार्सेलिना नंतर बाहियाला परतली आणि तिने काझा ब्रांका चालवलं. ही मार्सेलिना एकेकाळी इया नासोचीच गुलाम होती. गुलामगिरी तिथल्या समाजात किती खोल मुरली होती ते यावरून कळतं, आणि या बायकांचा आदर करताना ही गोष्ट लपवायची गरज मला वाटत नाही.

पुढे वारसाहक्कावरून वाद झाले. नाराज गट बाहेर पडला आणि गांतोआ हे तेरेइरो निघालं. १९१० मध्ये मांय आनिन्या यांनी इले आशे ओपो आफोंजा स्थापन केलं. गांतोआच्या मांय मेनिनिन्या यांनी १९२२ ते १९८६ अशी चौसष्ट वर्षं ते घर सांभाळलं, आणि त्यांचं नाव सबंध ब्राझीलला माहीत झालं.

आता ज्या गोष्टीबद्दल सर्वांत जास्त कुतूहल असतं तिच्याकडे येऊ: अंगात येणं. कांदोम्ब्लेत प्रत्येक माणसाच्या डोक्याचा एक मालक ओरिशा असतो, असं मानतात. तो कोण हे मांय सोळा कवड्या टाकून पाहते. किती कवड्या उघड्या पडल्या, किती मिटलेल्या, यावरून जुळणी ठरते, आणि प्रत्येक जुळणीला जोडलेल्या कथा तिला पाठ असतात. दीक्षा घ्यायची ठरली तर माणूस काही आठवडे, पूर्वी काही महिने, तेरेइरोच्या आतल्या खोलीत राहतो. डोकं भादरतात. गाणी, नाच, अभिवादनाच्या रीती, काय खायचं नाही, हे सगळं शिकवतात. ओरिशाचं ठाणं एका दगडात वसवून तो भांड्यात ठेवतात. बाहेर येतो तेव्हा त्याला नवं नाव मिळालेलं असतं. त्यानंतर सात वर्षं तो धाकटा. सात वर्षांचे विधी पूर्ण झाले की मग थोरल्यांत बसायचं. इथे वय जन्मापासून मोजत नाहीत, दीक्षेपासून मोजतात. तिशीतली थोरली बहीण पासष्टीच्या धाकट्याला आशीर्वाद देते.

उत्सवाच्या रात्री तीन ढोल वाजतात: रुम, रुंपी आणि ले. धाकटे दोन ताल धरून ठेवतात आणि सर्वांत मोठा रुम नाचणाऱ्याशी बोलतो. सोबत लोखंडी घंटा. हे ढोल साधी वाद्यं नव्हेत. त्यांनाही दीक्षा देतात, नैवेद्य दाखवतात. आधी निरोप पोहोचवणाऱ्या एशूला त्याचा वाटा द्यायचा, मग ओगुमपासून क्रमाने प्रत्येक ओरिशाची गाणी. ज्याचा ताल वाजला त्याची मुलं एकेक करून वाऱ्याखाली येतात. त्यांना आत नेऊन त्या ओरिशाचा पोशाख घालतात: ओशुमच्या हातात आरसा, ओशॉसीच्या हातात धनुष्य-बाण, ओमोलूचा चेहरा झाकणारा गवताचा झुबका. मग तो देव आपली कथा नाचून दाखवतो. केतू परंपरेत देव सहसा बोलत नाहीत, हे मला फार लक्षणीय वाटतं. ते मिठी मारून आशीर्वाद देतात आणि जातात. प्रश्न विचारायचे ते कवड्यांना. बेभान झालेल्या माणसाचा घाम टिपणाऱ्या, तो पडू नये म्हणून सोबत राहणाऱ्या एकेदी नावाच्या बायका असतात. त्यांच्या अंगात कधी येत नाही, आणि तो त्यांचा मान आहे. म्हणजे बाहेरून जो बेबंद उन्माद वाटतो त्यात कोणी कुठे उभं राहायचं, कोणी काय धरायचं, हे सगळं शिस्तीत बसवलेलं असतं.

पाला नाही तर ओरिशा नाही, असं योरुबा वचन तिथे सतत ऐकू येतं. आफ्रिकेतली कित्येक झाडं ब्राझीलमध्ये नव्हती. मग तिथल्या वनस्पती तपासून, वासावरून, रसावरून, गुणावरून पर्याय शोधले गेले. इरोको या देवाचं आफ्रिकेतलं झाड मिळेना, तेव्हा तो वडा-पिंपळाच्या कुळातल्या गामेलेइरा झाडात आला. बाहियातल्या जुन्या तेरेइरोंमध्ये आपाओका या नावाने पुजलं जातं ते झाड चक्क फणसाचं आहे, आणि फणस पोर्तुगीजांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून नेला. कोकणातलं झाड बाहियात जाऊन आफ्रिकी देवतेचं घर झालं!

त्याच पोर्तुगीज जहाजांनी आफ्रिकी माणसं गोव्यातही आणली. उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूरकडच्या कोकणी बोलणाऱ्या सिद्दींच्या पूर्वजांपैकी बरेच गोव्यातून जंगलात पळून गेलेले गुलाम होते. गुजरातचे सिद्दी रतनपूरच्या बावा गोर दर्ग्यात आजही गोमाच्या ढोलांवर नाचतात. जंजिऱ्याचे सिद्दी तर सत्ताधीश झाले. हिंदी महासागराच्या बाजूची ही कहाणी वेगळी आहे आणि तिला स्वतंत्र लेख हवा.

कॅथलिक राज्यात ओरिशांची पूजा उघड कशी चालली? नेहमीचं उत्तर असं: संतांच्या मूर्तींमागे देव लपवले. यांसान म्हणजे संत बार्बरा, ओमोलू म्हणजे संत लाझारस, शुभ्र वस्त्रांचा म्हातारा ओरिशा ओशाला म्हणजे साल्वादोरच्या बॉनफिम चर्चमधला येशू. यात तथ्य आहे, पण दोनशे वर्षं कोणी फक्त सोंग घेऊन जगत नाही. चर्चने आफ्रिकींना त्यांचे वेगळे धर्मबंधुसंघ काढू दिले होते. ते आजाऱ्यांना मदत करत, अंत्यविधी करत, स्वातंत्र्यासाठी पैसे जमवत. काशोएइरा गावातल्या ‘बोआ मोर्ते’ या कृष्णवर्णीय बायकांच्या संघाची ऑगस्टमधली मिरवणूक अजून निघते. त्या मेरीमातेच्याही भक्त आणि ओरिशांच्याही. दोन्ही श्रद्धा खऱ्या होत्या, असंच मला वाटतं. १९८३ मध्ये ओपो आफोंजाच्या मांय स्तेला यांनी इतर ज्येष्ठ पुजारिणींसह जाहीर निवेदन काढलं: संत वेगळे, ओरिशा वेगळे, आता ही सरमिसळ नको. मांय स्तेला पेशाने परिचारिका होत्या आणि त्यांनी पुस्तकंही लिहिली. त्यांचं म्हणणं बरेच तेरेइरो मानतात, बरेच मानत नाहीत.

बॉनफिमचा उत्सव यातली गुंतागुंत नीट दाखवतो. जानेवारीतल्या एका गुरुवारी हजारो माणसं पांढऱ्या कपड्यांत सुमारे आठ किलोमीटर चालत बॉनफिमच्या चर्चला जातात आणि पांढऱ्या झग्यातल्या बायका फुलं घातलेल्या सुगंधी पाण्याने पायऱ्या धुतात. पूर्वी चर्च आतून धुतलं जाई. १८८९ मध्ये आर्चबिशपने त्यावर बंदी घातली, दारं बंद झाली आणि धुणं पायऱ्यांवर आलं. तेरेइरोत याला जोडून एक कथा सांगतात. म्हातारा ओशाला शांगोला भेटायला निघतो. वाटेत एशू त्याच्या शुभ्र कपड्यांवर तेल आणि कोळसा सांडतो. पुढे चोर समजून त्याला कैदेत टाकतात आणि सात वर्षं तो तिथेच राहतो; राज्यात दुष्काळ पडतो. चूक कळल्यावर शांगो हुकूम देतो की सगळ्यांनी पांढरं नेसून, एक शब्द न बोलता, पाणी आणून त्याला न्हाऊ घालावं. ‘ओशालाचं पाणी’ हा विधी तेरेइरोंत पहाटेच्या अंधारात याच मौनात होतो. बिनदोष कैद भोगलेल्या देवाची ही कथा गुलामांच्या वंशजांनी इतकी जवळ का केली असेल, ते वेगळं सांगायला नको.

गुलामगिरी गेली तरी छळ थांबला नाही. १८९० च्या दंडसंहितेत जादू आणि वैदूगिरी हे गुन्हे ठरले आणि त्या कलमांखाली तेरेइरोंवर धाडी पडत. १९२० च्या दशकात साल्वादोरच्या पोलिसांनी ढोल, मूर्ती, पोशाख जप्त केले, माणसांना अटक केली. बाहियात उत्सव करायचा तर पोलिसांकडून परवाना काढावा लागे. ही अट रद्द झाली थेट १९७६ मध्ये. १९८४ मध्ये काझा ब्रांकाला राष्ट्रीय वारसा ठरवण्यात आलं. त्याआधी कोणत्याही तेरेइरोला हा मान मिळाला नव्हता.

आफ्रिकेशी संबंध एकदाच येऊन तुटला, असंही नाही. १८३५ नंतर हजारो मुक्त आफ्रिकी लागोस आणि बेनिनच्या किनाऱ्याकडे परतले. मार्तिनियानो दो बॉनफिम हे मुक्त गुलामांचे पुत्र तरुणपणी बरीच वर्षं लागोसला राहिले, इंग्रजी आणि भविष्यकथनाची विद्या शिकून आले. १९३० च्या दशकात त्यांनी आणि मांय आनिन्या यांनी ओपो आफोंजात शांगोच्या बारा मंत्र्यांची व्यवस्था नव्याने सुरू केली. फ्रेंच छायाचित्रकार पिएर व्हर्जे १९४६ मध्ये साल्वादोरला आले आणि दोन किनाऱ्यांमध्ये ये-जा करत राहिले. १९५२ मध्ये ओयोच्या राजाकडून ‘इया नासो’ ही पदवी देणारं पत्र त्यांनी ओपो आफोंजाच्या मांय सेन्योरा यांना आणून दिलं. देवही या प्रवासात बदलले. येमान्जा योरुबा प्रदेशात नदीची देवी. ब्राझीलमध्ये ती समुद्राची झाली आणि २ फेब्रुवारीला साल्वादोरचे कोळी तिच्यासाठी होड्या भरून फुलं, अत्तर, आरसे खोल पाण्यात सोडतात.

क्यूबातला सांतेरिया, हैतीतला वोदू हे याच कुळातले धर्म, पण प्रत्येकाची घडण त्या त्या भूमीतली. हैतीत तर १७९१ च्या गुलामांच्या उठावाशीच वोदूचं नाव जोडलेलं आहे. ब्राझीलमधला उंबांडा हा विसाव्या शतकातला, मृतात्म्यांशी बोलण्याच्या आत्मावादाची भर पडलेला वेगळा पंथ. त्याची कांदोम्ब्लेशी गल्लत करू नये.

आजचा त्रास मुख्यतः काही आक्रमक ख्रिस्ती पंथांकडून येतो. त्यांच्या प्रचाराच्या मध्यभागी एशू असतो. चौकांचा, रस्त्यांचा, निरोप पोहोचवणारा हा ओरिशा. एकोणिसाव्या शतकातल्या योरुबा बायबलमध्ये सैतानासाठी त्याचंच नाव वापरलं गेलं आणि तो शिक्का पुसला गेला नाही. १९९९ मध्ये एका मोठ्या चर्चच्या वृत्तपत्राने साल्वादोरच्या मांय जिल्दा यांचा फोटो भोंदूगिरीच्या मथळ्याखाली छापला. त्यांच्या घरावर हल्ले झाले, प्रकृती ढासळली आणि २१ जानेवारी २००० रोजी हृदयविकाराने त्या गेल्या. २००७ पासून ती तारीख ब्राझीलमध्ये धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिवस आहे. पशुबळीवरूनही खटले झाले. तेरेइरोत बळी दिलेल्या कोंबडीचं, बकऱ्याचं मांस सहसा शिजवून सगळ्यांना वाढतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विधी घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. कायदा बाजूने आहे, तरी तेरेइरोंची नासधूस थांबलेली नाही.

रिओमध्येही पोलिसांनी असंच सामान जप्त केलं होतं. दशकानुदशकं ते पोलिसांच्या संग्रहालयात ‘काळी जादू’ या नावाखाली पडून होतं. मांय मेनिनाझिन्या दे ओशुम आणि इतर तेरेइरोंच्या प्रमुखांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. सप्टेंबर २०२० मध्ये ढोल, माळा, मूर्ती, पोशाख अशा ५१९ वस्तू रिओच्या प्रजासत्ताक संग्रहालयात हलवल्या गेल्या. संग्रहाचं नाव आता ‘नोस्सो साग्रादो’, म्हणजे आमचं पवित्र, आणि त्याची देखरेख संग्रहालयाचे अभ्यासक आणि तेरेइरोंचे ज्येष्ठ मिळून करतात.